आठ ब्लॉक, एक रचना

मनोहर आर्किटेक्ट झाला तो वडिलांमुळे. दीनानाथ मास्तर मिरजेच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. चित्र पुरं झालं की पोरांना म्हणायचे, "लांब उभे राहा, डोळे किलकिले करा. बारकावे पुसले जातात, उरते ती रचना. ती उभी राहिली तर चित्र जमलं." पोटच्या पोराने हा धडा सिंगापूरपर्यंत नेला.

आई गेल्यावर, २०१४ साली, मिरजेच्या घराला कुलूप लावून त्याने मास्तरांना सिंगापुरातल्या बेडोक भागातल्या आपल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आणलं. आता त्यांनी शेवटपर्यंत आपल्यापाशीच राहावं, एवढीच त्याची इच्छा. मास्तरांना काचबिंदू होता, सगळं धूसर दिसायचं. ऑफिसला निघण्याआधी मनोहर रोज स्वतः त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचा.

मास्तर रमले. सकाळी हॉकर सेंटरवर, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या बाजारात, कॉफी प्यायची आणि नारिंगी पट्ट्यावरून आपला ब्लॉक ओळखून परत यायचं. वसाहतीत असे आठ ब्लॉक, म्हणजे उंच इमारती, होत्या, एकाच साच्यातल्या. फरक काय तो पट्ट्यांच्या रंगाचा.

नेमकं त्याच वसाहतीच्या रंगकामाचं डिझाइन मनोहरच्या ऑफिसात आलं. तो हरखला. ते भडक पट्टे त्याला पहिल्या दिवसापासून खुपत होते. त्याने ते सगळे काढून टाकले. भिंती पांढऱ्या, कॉरिडॉर करडे. आठ इमारती मिळून एकच रचना दिसली पाहिजे, हा त्याचा हट्ट. रहिवाशांनीही मतं देऊन तीच योजना निवडली. त्याने मास्तरांना मॉडेल दाखवलं. त्यांनी ते नाकाजवळ धरलं, वरून हात फिरवला आणि म्हणाले, "झकास. कुठे तुटत नाही." बापाची शाबासकी मिळाल्यावर गडी चार दिवस हवेत होता.

रंग वाळला आणि मास्तरांचं फिरणं आटलं. गुडघे दुखतात, म्हणाले. मनोहरने ते खरं मानलं, कारण ते सोयीचं होतं. मग एका संध्याकाळी लिफ्टमध्ये शेजारच्या फरीदाबाईंनी त्याला थांबवलं आणि तिथल्या तुटक इंग्रजीत सांगितलं, "अंकल ऑलवेज गो राँग ब्लॉक, लाह. आय ब्रिंग हिम अप. टुडे ही क्राय." त्या दिवशी मास्तर पलीकडच्या ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर परक्या दाराला किल्ली लावत बसले होते, आणि घरवाला चोर समजून अंगावर ओरडला होता.

किलकिल्या डोळ्यांना एकसंध दिसावं म्हणून त्याने पट्टे पुसले होते, आणि बापाचे डोळे तर आता कायमचेच किलकिले होते. रोज त्याच डोळ्यांत औषध घालणाऱ्याला हे सुचू नये! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"मला सांगायचं नाही का, बाबा?"

"तुझं पहिलं मोठं काम. त्याला नाट कशाला लावायचा?"

मास्तरांनी मिरजेला परत जायचं ठरवलं. मनोहरने गयावया केली. सोबतीला बाई ठेवतो, दुसरीकडे फ्लॅट बघतो. मास्तर बधले नाहीत. चोर म्हणून ओरडलेलं त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. मिरजेत ते एकटे असणार होते, पण तिथे आपलं दार त्यांना हाताने चाचपून सापडणार होतं.

विमानतळावर व्हीलचेअरमध्ये बसल्यावर त्यांनी त्याचा हात धरला.

"काम फर्स्ट क्लास झालंय. मास्तर म्हणून सांगतो, एक मार्क कापणार नाही. पण मला त्यात राहता येत नाही रे."

मनोहरला त्यांचे पाय धरायचे होते. तोवर खुर्ची आत गेली होती.