सोडवायला गेलेला माणूस

चूक माझी होती. इथूनच सुरुवात करतो, कारण आडवळणानं सुरुवात केली की मी त्या वळणावरच थांबतो, एवढं मला माझ्याबद्दल आता कळलंय. ज्यांचं मी वाईट केलं त्यांच्यापुढे यंदा मी तोंड उघडलं. पण त्यांच्याखेरीज कुणालाही यातलं अक्षर माहीत नाही. बायकोलाही नाही. उलट तिला, आणि इथल्या आमच्या सगळ्या मराठी मित्रांना, या गोष्टीचा एक खोटा, हसवणारा अवतार ठाऊक आहे. तो मीच पसरवलाय. त्याबद्दलही सांगतो — सांगायलाच हवं.

गेल्या दशकाच्या सुरुवातीला मी सिंगापूरला आलो. नोकरी नवी, एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे काम करायचा परवाना, नवा, बायको आणि मुलगी पुण्यात. क्वीन्सटाउनमधल्या एका जुन्या सरकारी फ्लॅटमध्ये मी खोली भाड्यानं घेतली. मालकीण चिनी, विधवा, सत्तरीची. तिला आम्ही आंटीच म्हणायचो. दुसऱ्या खोलीत शौकत राहायचा — मूळचा चिपळूणचा, माझ्याच ऑफिसात इंजिनीअर, माझ्याहून बराच लहान. परक्या देशात घरात मराठी बोलायला माणूस! मला केवढा आनंद झाला होता. तो मला दादा म्हणायचा.

त्या घरात नियम एकच — बीफ आणायचं नाही. आंटीचा मुलगा डेरिक लहानपणी आजारात मरता मरता वाचला, तेव्हा तिनं क्वान यिन देवीला नवस बोलला होता: हा जगू दे, मी जन्मात गोमांस तोंडात घालणार नाही. चिनी माणसं असा नवस बोलतात हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, हे लोक सगळं खातात. खोली दाखवताना तिनं हे तिच्या झपाट्याच्या, वाक्याला 'लाह' जोडणाऱ्या इंग्रजीत सांगितलं आणि माझ्याकडे बघून हसली. "तू हिंदू. तुझं मला टेन्शनच नाही लाह!" मग शौकतकडे बोट. "पण तू? तुझ्यावर माझा डोळा आहे हां."

शौकतनं कोपरापासून हात जोडले. "आंटी, तुझ्या कढईला मी बोटसुद्धा लावणार नाही. तू तिच्यात डुक्कर शिजवतेस."

ती खदखदून हसली. दुसऱ्याच आठवड्यात तिनं त्याच्यासाठी वेगळं पातेलं आणि तवा आणला, वेगळ्या फळीवर ठेवला. पुढे ती त्याला 'माझा शौकत' म्हणायला लागली. मी नुसता महेश होतो. याचा मला हेवा वाटायचा का? वाटायचा. तेही यात धरा.

बीफ मी ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सवर, खायला लागलो होतो. बायकोचं घर कडक शाकाहारी, त्यामुळे तिच्यापासून लपवून. त्या रविवारी सकाळी स्काइपवर तिनं विचारलं, "तिकडे खातोस तरी काय? खरं सांग." मी म्हणालो, पोहे. "रोज पोहे?" "हो, रोज पोहे!" मी इतक्या जोरात ओरडलो की पलीकडे मुलगी रडायला लागली, आणि मी लॅपटॉप आपटून मिटला. खोटं पकडलं गेलं की माणूस शांत होतो असं म्हणणारे मला कधी भेटलेले नाहीत. मी तर पेटलो.

आंटी डेरिककडे जेवायला गेली होती. शौकत सायकल घेऊन ईस्ट कोस्टला. मी खाली सुपरमार्केटमध्ये गेलो आणि बीफचं पाकीट घेऊन आलो.

मांस धाग्यांच्या आडवं, पातळ चिरायचं असतं, म्हणजे चावताना मऊ लागतं. हे मी व्हिडिओ बघून शिकलो होतो. पण त्या दिवशी त्या चिरण्यात शिकलेलं काही नव्हतं. आंटीची सुरी जाड, चौकोनी पात्याची. ती मी फळीवर आपटत होतो. एक घाव बायकोला, एक सासऱ्यांना, एक ऑफिसातल्या साहेबाला. सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअरमध्ये मांस मुठीनं कुस्करलं. लसूण ठेचला — सोललाही नाही धड. आंटीची कढई धुरावेपर्यंत तापवली, तेल ओतलं, मांस टाकलं, आणि ज्वाळा काठावरून आत शिरली. मला ते आवडलं. मांस बाहेर काढून ब्रोकोली आणि ढोबळी मिरची टाकली, लोखंडी उलथण्यानं फटके मारल्यासारखी परतली, मांस परत आत ढकललं. सगळं झाल्यावर घामानं आणि धुरानं माझीच मला शिसारी आली. झाकण ठेवून मी आंघोळीला गेलो.

बाहेर आलो तर आंटी टेबलाशी बसून जेवत होती.

डेरिककडे नातवाला ताप भरला होता म्हणून ती लवकर परतली होती. उपाशी. डेरिक खाली गाडी लावत होता. वाडग्यात भात, भातावर ते. चॉपस्टिकनं मांसाचा तुकडा उचलून ती म्हणाली, "काय मस्त झालंय रे! कसलं मांस?"

तेव्हा बोललो असतो तर? तिनं वाडगा लोटला असता, शिव्या दिल्या असत्या, मला हाकललं असतं. बस. इतकंच झालं असतं.

मी म्हणालो, "मटण."

"तू केलंस?"

"नाही. शौकतनं."

हे नाव माझ्या तोंडून का निघालं? त्याचं नाव घेतलं की मटण खरं वाटेल, म्हणून? तिच्या चेहऱ्यावर जी माया उमटेल ती आपल्या पथ्यावर पडेल, म्हणून? उमटलीच ती. "माझा शौकत," ती म्हणाली, आणि आणखी वाढून घेतलं. मी बघत उभा राहिलो.

डेरिक वर आला. माझ्याच वयाचा, भक्कम माणूस. काहीतरी टाकायला त्यानं सिंकखालचा कचऱ्याचा डबा उघडला आणि पाकीट बाहेर काढलं. लेबल वाचलं. आईच्या वाडग्याकडे पाहिलं. चिनीत एकच शब्द बोलला.

आंटी सिंककडे धावली. बोटं घशात घातली — मनगटापर्यंत घातल्यासारखी — आणि ओकायला लागली. पोट रिकामं झालं तरी थांबेना. ओकारीत रक्ताची रेघ आली. डेरिक तिचा हात ओढत होता आणि ती त्याला लाथा मारत होती. मग ती तशीच, हनुवटीवरून लाळ गळत असताना, देव्हाऱ्यापुढे गेली आणि फरशीवर कपाळ आपटायला लागली. त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. तिला काय दिसत असेल त्या क्षणी? पोटच्या पोराचं मरण. आणि ते मी वाढून ठेवलं होतं.

"कुणी?" डेरिकनं विचारलं. आंटीनंच नाव सांगितलं.

बाहेरच्या जाळीच्या दाराची कडी वाजली. शौकत हेल्मेट हातात घेऊन, घामाघूम, शीळ घालत आत आला. डेरिकनं कढईतलं उलथणं उचललं आणि त्याच्या खांद्यावर हाणलं. शौकत भिंतीवर आदळला. त्याला काही समजेना. "आंटी, काय झालं? पडलीस का?" तो तिचीच चौकशी करत होता. मग त्यानं पाकीट पाहिलं. कढई पाहिली. त्याच्या तोंडावर मला दिसलं की त्याला उत्तर सापडलंय. तो म्हणाला, "पण ती कढई मी कधीच... आंटी, तूच सांग ना, मी—"

एक मिनिट. त्याला एक मिनिट मिळालं असतं तर सगळं उलगडलं असतं. डुकराच्या कढईत मुसलमान शिजवेल? सुपरमार्केटमधलं ते पाकीट आणेल, ज्याच्यावर हलालचा शिक्का नाही? आंटीनं त्याच्यासाठी स्वतःच्या हातानं वेगळी भांडी आणली होती! हे त्या घरात तिघांना माहीत होतं. तेव्हा आठवलं ते फक्त त्याला आणि मला.

मी सोडवायला धावलो. असंच सगळ्यांनी पाहिलं. असंच मी नंतर सांगत आलो.

पण सोडवणारा माणूस कुणाला धरतो? ज्याच्या हातात लोखंड आहे त्याला. मी शौकतला धरलं. मागून, दोन्ही दंडांवरून हात घालून, छातीवर बोटं गुंफून. आणि त्याच्या कानात मराठीत म्हणालो, "गप्प बस, शौकत, गप्प. पोलीस येतील. पास जाईल." तो सुटायला धडपडला. मी आणखी आवळलं. उलथणं आलं तेव्हा त्याला तोंडावर हात घेता आला नाही, कारण हात मी धरले होते. हाड मोडल्याचा आवाज मला माझ्या छातीत जाणवला, इतका तो मला चिकटलेला होता. मग दुसरा फटका. दुसऱ्या फटक्यालाही मी सोडलं नव्हतं.

हे ते. हेच मला सांगायचं होतं.

टॅक्सीतून मीच त्याला इस्पितळात नेलं. टॉवेल भिजून माझ्या मांडीवर रक्त उतरत होतं. तो म्हणाला, "दादा, तू मला धरलंस."

"अरे, मी सोडवत होतो."

"नाही."

बस, एवढंच. इस्पितळात मी सांगितलं, सायकलवरून पडला. तोवर तोंड सुजून त्याला बोलता येईनासं झालं होतं. आणि नंतर, बोलता यायला लागल्यावर, तोही पासच्या भीतीनं तेच बोलला. त्याच्या गालाच्या हाडात धातूची पट्टी बसवावी लागली. डाव्या डोळ्यानं त्याला कडेचं दिसेनासं झालं. डेरिकनं त्याचं सामान खाली फेकलं. शौकतनं आंटीला फोन केले. तिनं उचलले नाहीत. काही दिवसांनी त्यानं ऑफिसही बदललं.

आणि मी? मी त्याच खोलीत राहिलो. आंटी मला म्हणायची, "बरं झालं, तू तरी हिंदू आहेस." मी ते ऐकून घेत होतो. कढई तिनं टाकून दिली. नवी आणायला तिच्याबरोबर मीच गेलो.

पुढे बायको-मुलगी आल्या, आम्ही ईस्ट कोस्टला कॉन्डोत राहायला गेलो, इथल्या मराठी मंडळींत रुळलो. आणि तिथे मी हा किस्सा सांगायला लागलो. काय म्हणावं याला! आंटीच्या इंग्रजीची नक्कल करून, रंगवून. 'आमचा एक फ्लॅटमेट होता, त्यानं काय करावं—' लोक हसायचे. मग कुणीतरी म्हणायचं, "अहो, ही माणसं अशीच," आणि मी मान डोलवायचो. दर गणपतीच्या जेवणात फर्माईश यायची: महेशराव, ते चिनी म्हातारीचं सांगा.

गेल्या वर्षी सांगत होतो तेव्हा मुलगी शेजारी बसली होती. इथल्या शाळेत वाढलेली; तिच्या वर्गात निम्म्या मैत्रिणी मलाय, म्हणजे मुसलमान. तिनं श्रीखंडाचा चमचा खाली ठेवला. "पण बाबा, मुस्लिम माणूस पोर्कच्या वोकमध्ये कसा काय कुक करेल? मेक्स नो सेन्स लाह. मग कुणी केलेलं?"

सगळे हसले. "वकील होणार बघा ही!" कुणीतरी तिला पुरी वाढली. ती माझ्याकडे बघत होती. तिनं परत विचारलं नाही. आजतागायत नाही.

त्यानंतर मी शौकतला शोधलं. तो आता चोआ चू कांगला राहतो, बायको, दोन मुलं. त्यानं दार उघडलं, मला ओळखायला मान जरा डावीकडे वळवावी लागली. घरात घेतलं. चहा झाला. मी जे सांगायचं ते सांगितलं आणि माफी मागितली.

"हे मला माहीत होतं रे," तो म्हणाला. "तुझ्या हाताला लसणाचा वास येत होता. माझ्या नाकाखालीच होते तुझे हात." त्यानं रिकामा कप खाली ठेवला. "मला कशाला सांगतोस? मी तिथे होतोच. तिला सांग. ती मला 'माझा शौकत' म्हणायची. तिला जाऊन सांग."

पुढच्या रविवारी मी क्वीन्सटाउनला गेलो. डेरिक आता आईजवळच राहतो. आंटी खुर्चीत बसली होती, अर्धी झालेली. "महेश! जेवलास का?" मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं — पाकीट मी आणलं, तुझ्या कढईत मी शिजवलं, नाव त्याचं मी घेतलं. आंटी माझ्याकडे बघत होती आणि तिचा हात तोंडाशी गेला होता, जणू पुन्हा ओकारी येणार होती. डेरिक उठला. मला वाटलं, मारणार. मारावं असंही वाटलं. पण तो म्हणाला, "मग तू त्याला का धरलंस? तू धरलंस म्हणून मला खात्री पटली. म्हटलं, याचा स्वतःचा माणूसच याला माझ्यापुढे धरतोय, म्हणजे यानंच केलंय. एरवी मी त्या पहिल्या फटक्यावरच थांबलो असतो."

"त्यानं बोलू नये म्हणून धरलं," मी म्हणालो. "शौकतनं काही केलं नव्हतं, आंटी. तुझा नवस मी मोडला. डेरिक, तू ज्याला मारलंस त्याचा काही दोष नव्हता, आणि हे मला त्याला धरलं तेव्हा माहीत होतं. माझं चुकलं. सॉरी, आंटी. सॉरी, डेरिक."