एक पत्रक मराठीत होतं

ऑगस्टचा दुसरा गुरुवार, दुपारचे साडेतीन. टेबलावर तीनशे बारा पत्रकं. खोलीत दोघंच – मी आणि तिवारी मॅडम. त्या दुपारी काय झालं ते मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला काही माहीत आहे, पण जे माहीत आहे ते खोटं आहे. ते मीच सांगितलेलं आहे.

मी जबलपूरला जिल्हा शिक्षण कार्यालयात लेखा शाखेत काम करतो. वडील रांझीच्या फॅक्टरीत होते, घरही तिकडेच. आकड्यांत माझी चूक निघत नाही. म्हणून सरकारी शाळांतल्या मुलांच्या स्वास्थ्याचा कार्यक्रम आला तेव्हा त्याची गोळाबेरीज माझ्याकडे आली. किती मुलांचे डोळे तपासले, किती मुलींना लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि – हे नवीन होतं – किती मुलांना झोप लागत नाही, रडू येतं, भीती वाटते. त्यासाठी एक हिंदी पत्रक होतं. मुलानं नाव लिहायचं नाही, फक्त शाळा आणि वर्ग. शेवटी चार ओळी मोकळ्या – ‘मन में जो हो, लिखो.’ ज्याला बोलायचं असेल त्यानं खाली चौकोनात खूण करायची, मग समुपदेशक मॅडम त्या वर्गात जाऊन त्या मुलाला शोधून काढणार. तिवारी मॅडम कंत्राटावर होत्या. चार शाळा एकटीनं सांभाळायच्या.

त्यांनी एक पत्रक माझ्यापुढे धरलं. “गजभिये जी, ये मराठी है ना? ज़रा पढ़ दीजिए. चार लाइन की जगह में बच्चे ने चौदह लिखी हैं.”

अक्षर मी ओळखलं. अकरावीतल्या माझ्या मुलीचं, मीनलचं. ती त्यांच्याच एका शाळेत आहे हे मॅडमना ठाऊक नव्हतं. मीनल मराठी घरातच बोलते, लिहीत तर कधीच नाही. मग मराठीत का लिहिलं? पत्रकं वर्गशिक्षिका गोळा करणार होत्या, त्यांना वाचता येऊ नये म्हणून. एवढा विचार केला होता पोरीनं. जिल्ह्याच्या ऑफिसात मराठी वाचणारा एकच माणूस आहे, आणि तो कोण, एवढा मात्र केला नव्हता.

तिनं लिहिलं होतं – मले रात्री झोप येत नाही. पप्पा माह्या नावाची वही ठेवते. मी किती वाजता उठली, बाथरूममध्ये किती मिनिटं होती, किती वेळा हसली फोनवर, सगळं लिहिते. जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवते. मले वाटते आपण नसतो तर वहीच नसती. मॅडम, मले एकदा बोलायचं आहे. पप्पाले सांगू नका.

खालच्या चौकोनात खूण होती. दोनदा गिरवलेली.

खरंच ठेवत होतो मी वही. खोटं एक अक्षर नव्हतं तिच्या लिहिण्यात. बाथरूमची मिनिटं वहीत होतीच – सतरा, बावीस, एकोणीस. तेव्हा मला काय वाटलं? काळजी वाटली असं लिहायला हात शिवशिवतो, पण नाही. मला राग आला. परक्या बाईपुढे मला उघडं केलं म्हणून.

“लिखा है, स्कूल की टंकी का पानी गंदा है,” मी म्हणालो. “पेट दुखता है.”

“बस? इतनी लाइनें हैं.”

“मराठी में लंबा लिखते हैं, मैडम.”

त्या हसल्या. “और ये टिक? बात करना चाहता है बच्चा.”

“टंकी के बारे में ही होगा.”

त्यांनी लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी टंकी साफ झाली. मासिक अहवालात ती कामगिरी म्हणून मीच चढवली.

इथं थांबलो असतो तर? तर फक्त भित्रा ठरलो असतो. थांबलो नाही.

त्याच गुरुवारी संध्याकाळी जेवायला बसलो. बायको वाढत होती. मी वही उघडली, नेहमीसारखी. पण मिनिटं वाचली नाहीत – मीनलच्या ओळी म्हणून दाखवल्या, पाठ झाल्या होत्या. तिच्यासारखा आवाज काढून. ‘मले एकदा बोलायचं आहे, मॅडम.’ तिचा हात वरणभातात तसाच राहिला.

“काहून असं करून राहिले तुम्ही?” बायको म्हणाली. “काय आहे हे?”

मीनलनं मला एकच विचारलं. “मॅडमनं सांगितलं?”

मी नाही म्हणू शकत होतो. त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर तिनं मला शिव्या दिल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी ती मॅडमकडे गेली असती. ते मला कळत होतं. तेच नको होतं.

“हो,” मी म्हणालो. “पूर्ण ऑफिसले वाचून दाखवलं. हसले सगळे. अजून लिही.”

ती उठली नाही. रडली नाही. भात संपवला. त्या दिवसाच्या पानावर मी लिहिलं – जेवणास बत्तीस मिनिटं.

तिनं वर्गात सांगितलं असणार. मॅडमच्या खोलीत मुली जाईनाशा झाल्या. जानेवारीत पत्रकं पुन्हा भरून आली तेव्हा त्या शाळेतून एकाही मुलीची खूण नव्हती, चार ओळी कोऱ्या. आकड्यांनुसार चार शाळांत सर्वांत निरोगी शाळा तीच ठरली. प्रमाणपत्र मिळालं. त्याचा मसुदाही माझाच.

मग कोणाच्या तरी आईनं तक्रार केली – मॅडम मुलींच्या गोष्टी बाहेर सांगते. त्या वर्षीचा नोव्हेंबर उजाडला तरी फाइल फिरत होती, मग चौकशी लागली. साहेबांनी विचारलं, “कभी किसी को फॉर्म दिखाया?” तिवारी मॅडमना खोटं बोलता आलं असतं. कोण सिद्ध करणार होतं? त्या म्हणाल्या, “हाँ सर, एक बार. पढ़वाने के लिए. गजभिये जी को.” साहेब माझ्याकडे वळले. “क्या लिखा था?”

“पानी की टंकी, सर.”

मॅडमनी माझ्याकडे आभारानं पाहिलं. मी साक्ष देतोय असं त्यांना वाटलं. पण नियम म्हणजे नियम, पत्रक दाखवलं होतं. कंत्राट संपलं.

मीनलनं बारावीत दोन पेपर कोरे दिले. कारण कोणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. आता ती नागपूरला मावशीकडे असते, एका दुकानात काम करते. आईशी मराठीत बोलते. फोन मी उचलला तर हिंदीत – “जी. मम्मी को दीजिए.” मावशी सांगते, अजून दिवा लावूनच झोपते. वही मी बंद केली. ती गेल्यावर. लिहायला कोणी उरलं नव्हतं म्हणून.

तिवारी मॅडमचं शेवटच्या महिन्याचं मानधन माझ्या टेबलावर चौदा महिने पडून होतं. त्या पाच वेळा आल्या. दर वेळी मी नवीन त्रुटी काढली – सही, शिक्का, बँकेची प्रत. मला त्यांना समोर पाहवत नव्हतं, आणि बिल मंजूर केलं की त्या येणार नाहीत, हेही नको होतं. का नको होतं, ते मला अजून सांगता येत नाही.

नोव्हेंबरचे दिवस सतरा, रोजचे पाचशे. मी सोळा धरले. एका दिवशी शाळेच्या रजिस्टरवर त्यांची सही नव्हती. तो चौकशीचा दिवस. सकाळी साडेदहापासून त्या आमच्याच ऑफिसात, माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसलेल्या होत्या. कविता तिवारी यांच्या खात्यात आठ हजार रुपये जमा केले.