पडण्याचा तास

सगळी इंग्रजी भाषा ‘फॉल’ या एका क्रियापदावर उभी आहे, असं मानणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच असणार, आणि तो कर्वेनगरला माझ्या वरच्या मजल्यावर राहत होता. या काकांची सगळी नोकरी खडकीला, लष्करात झाली. तिथं कवायतीला ‘फॉल इन’ म्हटलं की रांगेत ताठ उभं राहायचं. पडा म्हणतात आणि उभं करतात, या आश्चर्यातून ते कधी बाहेरच आले नाहीत.

निवृत्तीनंतर ते पार्किंगमधल्या रिकाम्या जागेत, सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या बायकांना इंग्रजी शिकवत. फुकट. पुस्तक नाही, फळा नाही, बसायला एक सतरंजी. अर्थ अंगानं दाखवायचा. झोप लागणं शिकवताना घोरायचे. भाव कोसळणं शिकवताना कांद्याची पिशवी सोडून द्यायचे. आजारी पडणं शिकवताना असे कण्हायचे की एकदा तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. प्रेमात पडण्याचं एकीनं विचारलं, तेव्हा म्हणाले, “काकू गेल्यापासून ते अभ्यासक्रमात नाही.”

मी एकदा सुचवलं, “काका, भिंतीवर साधा तक्ता लावा की.”

“तुम्ही हिशेबवाले. कागदावर आलं की झालं, असं तुम्हाला वाटतं.”

एका संध्याकाळी मी स्कूटर लावत होतो, आणि ओल्या फरशीवरून त्यांचा पाय खरोखर सटकला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत हुशार सुनीताबाई मोठ्यानं म्हणाल्या, “सर फेल डाऊन!” काका खालूनच “व्हेरी गुड” म्हणाले. मग माझ्याकडे बघून हळूच, “कुणाला तरी बोलवा. हे शिकवणं नव्हतं.”

खुबा मोडला. मुलानं त्यांना हिंजवडीला स्वतःच्या घरी नेलं. आठवड्याच्या आत इथं सोसायटीची सभा भरली. खुब्याची चौकशी मिनिटभर, रिकाम्या जागेची दीड तास. ज्यांच्या घरची भांडी सुनीताबाई घासतात, तेच गृहस्थ म्हणाले, “आज इंग्रजी शिकतायत, उद्या पगारही इंग्रजीत मागतील!” सगळे हसले. वर्ग बंद करण्याच्या ठरावाच्या विरोधात एकच मत पडलं, ते माझं. त्या जागेत अध्यक्षांची दुसरी गाडी आली. ती रविवारीसुद्धा हलत नाही.

काका वॉकरनं चालू लागल्यावर भेटायला गेलो. मुलानं दारातच बजावलं, “अहो, वर्गाचं काही काढू नका.” काढलं काकांनीच. “पुढच्या महिन्यात येतो. जागा आहे ना?”

खोटं बोलणं मला जमत नाही. “अध्यक्षांची गाडी लागते तिथं.”

त्यांनी वॉकर जवळ ओढला. मग म्हणाले, “सुनीताला सांगा, तोवर तिनं वर्ग घ्यावा. जिन्यात घेतला तरी चालेल.”

दुसऱ्या दिवशी मी निरोप दिला. सुनीताबाईंनी पदराला हात पुसले. “जिन्यात नको. सर आले की तिथंच बसू.” आणि त्यांनी पार्किंगकडे मान वळवली. गाडी आणि भिंत यांच्यात जेमतेम वीतभर फट होती. तिथं त्यांनी वर्गाची सतरंजी गुंडाळून उभी करून ठेवली होती.