डोळे मिटून केलेली चहाडी

बायांनो, अक्षरं माझ्या नातीची, चूक माझी.

आज वाशीला आमच्या खोलीत बायकांची प्रार्थनासभा होती. मोठ्याने प्रार्थना करायची पाळी माझी. वाचता येत नाही, म्हणून बोलायची सगळी हौस मी तिथेच भागवते. डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, आपल्या रत्नाच्या नवऱ्याची दारू सुटू दे." हे तिने रॉकेलच्या रांगेत रडत, मला एकटीला सांगितलं होतं.

सगळ्या "आमेन" म्हणाल्या. डोळे उघडले तर रत्ना दारात चपला घालत होती.

मी तिच्या मागे गेले. ती म्हणाली, "आजी, देवाला ठाऊकच होतं. बायकांना नव्हतं."

प्रभूची माफी मागून झाली, तो ऐकून घेतो. रत्नाची कडी वाजवायला हात धजत नाही. तुम्ही काय केलं असतं? मला सांगा, फक्त प्रार्थनेत नको.