आईसाठी काढलेली खिडकी

आक्का, सत्तर सालच्या जूनमध्ये जामखेडच्या स्टँडवर मी नगरच्या गाडीत बसलो, तेव्हा दादा टपावर माझी ट्रंक चढवत होते आणि तू कडेवरच्या लेकराला सावरत रडत होतीस. आई आलीच नव्हती. "गर्दीत म्या न्हाई येत, हितूनच जा," म्हणाली आणि दारातूनच परत फिरली. मला भयंकर राग आला. गावातला पहिला मुलगा मुंबईला आर्किटेक्चर शिकायला निघालाय बाप टपावर ट्रंक चढवतोय आणि सख्ख्या आईला स्टँडपर्यंत यायला जमत नाही म्हणजे काय! तो राग मी नगर, पुणं करत पार मुंबईपर्यंत जपून नेला.

पुढं गावातून जे जे शिकायला बाहेर पडले, त्यांना माझे पहिले महिने सांगायला नकोत. टी-स्क्वेअर नावाची नकाशाची पट्टी कशाशी खातात ते माहीत नव्हतं, इंग्रजी ऐकलं की कान तापायचे. पण आमचे एक सर होते, त्यांचं एक वाक्य मला तेवढं कळलं. ते म्हणायचे, भिंती नंतर काढा, आधी त्या खोलीत शिरलेल्या माणसाच्या मनाचं काय होतं ते काढा. छत खाली आलं की माणूस हळू बोलतो, उजेड एका बाजूनं आला की गप्प होतो, असं ते हातवारे करून सांगायचे आणि मी वेड्यासारखा ऐकत बसायचो. एकदा त्यांनी लहानपणच्या घराबद्दल बोलायला लावलं. मी आपलं माळवदाचं घर फळ्यावर काढलं. जाड मातीच्या भिंती, ठेंगणं दार, छताला उजेडापुरतं एक भोक आणि त्या काळोखात चुलीपुढं बसलेली आई. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी त्या घराला 'ऑप्रेसिव्ह', म्हणजे जीव घुसमटवणारं, म्हणालो. वर्गात सगळे हळहळले, मला चांगले मार्क मिळाले. आज तो शब्द आठवला तरी जीभ हासडावीशी वाटते.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. दादांनी दोन्ही म्हशी आणि बैल विकले, गोठा रिकामा झाला. पुढच्या वर्षी पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं, पण घराच्या तुळया वाळवीनं पोखरल्या होत्या. दादांचं पत्र आलं, 'घर पाडावेच लागणार. नकाशा तूच काढ.' शाळामास्तर ते, पत्रातसुद्धा शुद्धलेखन सुटत नसे.

आक्का, मी तो नकाशा जीव लावून काढला. आईचा जन्म अंधारात गेला, आता तिला उजेड द्यायचा, एवढंच डोक्यात होतं. स्वयंपाकघराला पूर्वेची एवढी मोठी खिडकी. मधले उंबरे काढून टाकले, कोनाडे बुजवले, शहाबादी फरशी एका पातळीत. स्वयंपाकघर आणि माजघर मिळून एकच ऐसपैस खोली, मधे भिंत नाही. माणसाला मोकळं वाटावं म्हणून! दिवाळीत ट्रेसिंग पेपर आईपुढं पसरला. तिनं त्यावरून हात फिरवला, म्हणाली, "लई गुळगुळीत हाय." मी तिला हसलो. नकाशा बघायचा सोडून कागद काय कुरवाळतेस, म्हणालो.

मे महिन्यात घर बघायला आलो. गावातली माणसं मुद्दाम बघायला येत होती. आई मात्र खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसलेली. उठली की भिंतीच्या कडेकडेनं चालायची. मला पाणी द्यायला आली आणि खोलीच्या मध्यावर थांबली. कुठं वळावं ते तिला उमजेना. मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो.

तेव्हा तू मला विहिरीकडं नेऊन सांगितलंस. "आईला काईच दिसत न्हाई रं. तू जायच्या आधीपासून कमी हुतं. मला शपथ घातल्ती. त्याला कळलं तर शिक्षान सोडून यील, म्हनली." दादांनाही तिनं जरासं अंधुक दिसतंय एवढंच सांगितलं होतं.

चार वर्षं मी सुट्टीत येत होतो. ती मला ताटात गरम भाकरी वाढत होती, तेलमिठाचे डबे न चाचपता काढत होती आणि खोल्यांचा माणसाच्या मनावर काय परिणाम होतो हे शिकणाऱ्या मला कळलं नव्हतं, की तिला ते घर वाट दाखवत होतं. उंबरा पायाला लागला की किती पावलांवर चूल, कोनाड्याला हात लागला की कुठं वळायचं. मी ते सगळं पाडलं. तिचे उरलेसुरले डोळे मी काढून घेतले, आक्का. नगरच्या डॉक्टरांनी काचबिंदू म्हणून सांगितलं, फार उशीर झाला म्हणाले. मी तुझ्यावर चिडलो, नको ते बोललो. माफ कर. चिडायला मला तिथं दुसरं कुणी सापडलं नाही.

परतायच्या आदल्या सकाळी आई म्हणाली, "हात धर आन् दाव मला, काय काय बांधलंस." मी तिला घरभर फिरवलं. खिडकीपाशी नेलं. तिच्या तोंडावर ऊन पडलं होतं. मला हुंदका आवरेना, तिला तो ऐकू आला असणार. "लई चांगलं झालंय बाळा," ती म्हणाली. "आता मला गोठ्यात नेऊन सोड. म्या तिथं ऱ्हाईन."

गोठा तेवढा आम्ही पाडला नव्हता. तीस वर्षं तिनं तिथं धारा काढल्या होत्या. मी तिला मागच्या दारानं घेऊन गेलो. गोठ्याच्या दाराशी तिचा हात चौकटीला लागला, तसा तिनं माझा हात सोडला आणि खाली वाकून, एकटी, भराभर आत गेली.

त्यानंतर मी पुष्कळ घरं काढली, लोकांना ती आवडलीही. पण मला कुणी घर म्हणजे काय विचारलं, तर आई ज्या दारात माझा हात सोडून आत गेली ते घर, एवढंच मला सांगता येतं. ते मी बांधलेलं नव्हतं.