उलट्या पट्ट्यांची चिलटं

माझ्या डायरीत, १९ मे १९६४, मंगळवार: सकाळी नळाला पाणी नव्हते. दुपारी पावसाचा शिंतोडा, उकाडा तसाच. शेजारच्या नरसिंहरावांकडचे सुतक फिटले. अहल्या आज कॉलेजात गेली आणि हसत परत आली. कुंपणापाशी थांबून म्हणाली, "जिवंत आहेत, अक्का."

जिवंत होती ती चिलटं. केळ्यांवर घोंघावतात, तीच.

अहल्या नरसिंहरावांची सून. त्यांचे घराणे तीनशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलेले. घरात मराठी, राग आला की कन्नड. बसवनगुडीतल्या आमच्या गल्लीत एम.एस्सी. झालेली ती पहिलीच सून. लग्नानंतरही तिने संशोधन सोडले नाही, आणि घरच्यांनीही ते सोडायला लावले नाही. नरसिंहराव फक्त चिडवायचे. "आपण घरातली चिलटं हाकलायची, आणि सूनबाईंनी कॉलेजात ती पाळायची!"

"अण्णा, तुमच्यापेक्षा ती कमी खातात," ती म्हणायची.

एकदा तिने आपले काम मला पदरावर समजावले. अळीच्या लाळेच्या ग्रंथीत गुणसूत्रं खूप जाड असतात, भिंगाखाली त्यांवर आडव्या पट्ट्या दिसतात, आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. इथल्या शिवाजीनगरच्या एका फळवाल्याकडून धरून आणलेल्या मादीच्या वंशात तिला निराळेच काही दिसले होते. गुणसूत्राच्या एका भागाच्या दोन्ही टोकांना पट्ट्यांचा एकच लहानसा संच होता, पण एकीकडे सुलट, दुसरीकडे उलट. तिने पदराची दोन टोके दुमडून एकमेकांवर ठेवली. "हे असं वाकलं की पट्टीवर पट्टी बरोबर बसते. तिथे तुटून पुन्हा जोडलं गेलं, तर मधला सगळा तुकडा उलटा होतो. आणि तसा तो झालेला आहे, अक्का. सजीवांची गुणसूत्रं अशीच बदलत गेली असतील तर?"

तो वाण तिच्याखेरीज कोणाकडे नव्हता. बाहेरून ही चिलटं इतरांसारखीच दिसत. कोळ्यांसारख्या बारीक किड्यांनी बाकीच्या बाटल्या खाल्ल्या होत्या. सुट्टी लागली तेव्हा एकच उरली होती. तिच्यातले खाद्य जुने झाले होते आणि चिलटं ताज्या बाटलीत हलवायची होती. ज्या सकाळी ती हलवायला निघणार, त्याच सकाळी अहल्येची सासू वारली.

तिने सासऱ्यांना विचारले होते. एकदाच. "तासाभरात येते, अण्णा."

"दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही. माशांना सुतक नसतं, त्या थांबतील." बायको गेलेल्या माणसाशी ती काय वाद घालणार?

नणंद सत्यवती माहेरी आली होती. लग्न झालेल्या मुलीला सुतक तीन दिवसांचे. ते सरल्यावर ती आपण होऊन म्हणाली, "वैनी, मी बघून येते." जाऊन आली आणि "छान आहेत" म्हणाली. अहल्या त्या रात्री प्रथमच जेवली, असे तिची मोलकरीण मला सांगत होती.

पुढच्या आठवड्यात अहल्येने अळ्या भिंगाखाली घेतल्या. पट्ट्या सगळ्या जागच्या जागी, सरळ. जोड संच कुठेच नाही. तिने पुन्हा पाहिले, नव्या अळ्या घेतल्या, रंग बदलून पाहिला. काही नाही. भिंगाखाली ठेवायच्या जुन्या काचा तात्पुरत्या होत्या, त्यांचा रंग केव्हाच उडून गेला होता. हातात राहिली ती फक्त तिने काढलेली चित्रे. मार्गदर्शक म्हणाले, "चित्र कोणीही काढील, बाई. दाबताना गुणसूत्र मुडपलं असेल, आणि तुम्हाला जे हवं होतं ते दिसलं."

जुलैत सत्यवती पुन्हा आली. आम्ही तिघी ओसरीवर शेंगा सोलत होतो. तिने आपणहून विषय काढला. "वैनी, तुझी पोरं काय म्हणतात? आता सांगायला हरकत नाही. मी गेले तर सगळं बुरशीने पांढरं झालेलं, एक हलत नव्हतं. तुला त्या दिवसांत कुठल्या तोंडाने सांगू? तिथल्या कल्लाप्पा शिपायाकडून ताजी बाटली घेतली, परसातल्या केळ्याच्या घडावरची चिलटं धरली आणि घातली. कशी टुणटुणीत आहेत ना?"

अहल्येच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"सरी," ती म्हणाली, कन्नडातले 'बरं'. "चांगलं केलंस गं."

काय गेले ते तिने सांगितले नाही. ना सत्यवतीला, ना सासऱ्यांना. मार्गदर्शकांना मात्र खरे ते सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे आता पुरावा कधीच मिळणार नाही. सोयीचंच झालं."

मग ती शिवाजीनगरला जाऊ लागली. त्याच फळवाल्याकडे, मग शेजारच्याकडे, मग सगळ्या बाजारात. हातात काचेची नळी, तोंडाला कापूस. फळवाला हसायचा, "मक्खी का क्या भाव लगाऊँ, अम्मा?" वर्षभर ती चिलटं आणत राहिली, त्यांच्या अळ्या फाडून पाहत राहिली. एकीतही ते सापडले नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपली. येलहंक्याला मुलींच्या शाळेत जीवशास्त्राची जागा होती, ती तिने घेतली. तिथे ती वाटाण्याची फुले शिकवायची, बेडूक फाडून दाखवायची. चिलटं धड्यात नव्हती.

शाळेत रुजू होण्याच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. ओट्याला टेकून उभी राहिली, कॉफी नको म्हणाली. मग म्हणाली, "अक्का, सुतकाचं मी मनाला लावून घेतलेलं नाही. सत्यवतीचंही नाही. पण आता मलाच खात्री वाटत नाही. मी ते खरंच पाहिलं होतं का?"

मी पदर पाहिला होता. भिंगातून कधीच पाहिले नव्हते. "तू पाहिलं असशील," एवढेच मला म्हणता आले.

"असशील," ती म्हणाली, आणि घरी गेली.

त्या संध्याकाळी डायरीत मी एकच ओळ लिहिली: कोळशाचे पोते आले, तळचे निम्मे ओले.