यमकात बसलेलं नाव

मी पाच कादंबऱ्या लिहिल्या आणि पाचही एकाच कथानकावर. एक श्रीमंत, एकटी बाई, तिच्या जिवावर उठलेले कुणीतरी, तिच्यासाठी ठेवलेला अंगरक्षक, आणि लपून राहायला दोघांनी नवरा-बायको म्हणून थाटलेलं बिऱ्हाड. मग एकच खाट, खिडकीबाहेर पावलं, आणि शेवटच्या पानावर सोंगाचं खरं होणं. मुंबईच्या प्रकाशकाला हेच हवं असायचं. शहापूर, मुरबाडपासून कुठल्या कुठल्या गावांतल्या वाचनालयांत ही पुस्तकं पानं सुटेपर्यंत फिरायची. नाव पुरुषाचं घेतलं होतं, कारण बाईच्या नावाची रहस्यकथा कोणी घरी नेत नाही असं प्रकाशकाचं म्हणणं. मी लिहायची शेणवे गावातल्या आमच्या घरी, चुलीवर भात रटरटत असताना. नवरा भातसानगरला धरणाच्या ऑफिसात कामाला होता. संध्याकाळी आला की विचारायचा, "झाले का गो तुझे खून? मग वाढ."

पाचवी कादंबरी मी लिहायला नको होती. त्याबद्दलच हे सांगते आहे.

नव्वदीच्या दशकात कधीतरी आमच्या मागच्या खोलीत एक जोडपं भाड्याने राहायला आलं. देशावरचं, घाटापलीकडचं. त्याला धरणावर रखवालदाराची नोकरी मिळाली होती. ती तिशीची, तो तिच्याहून बराच मोठा, कानावरचे केस पिकलेले. तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र इतकं कोरं होतं, की मणी अजून एकमेकांना ओळखत नसावेत. सासूबाई म्हणाल्या, "बिजवर असंल." तेवढ्यावर तो विषय मिटला.

माझ्यासाठी मात्र मिटला नाही. चार कादंबऱ्यांनी मला सवय लावली होती. आमच्याकडे नवरा बाजाराला निघाला की दहा पावलं पुढे चालतो आणि बायको पिशव्या सांभाळत मागे. हा तिच्या मागून चालायचा, आणि त्याची नजर तिच्यावर नसायची, रस्त्यावर असायची. ती बसेपर्यंत तो बसायचा नाही. भाजीत मीठ कमी आहे असं एकदाही म्हणाला नाही. आणि थंडीतसुद्धा झोपायचा पडवीत, भिंतीला डोकं टेकून, काठी मांडीवर घेऊन. मला गुदगुल्या व्हायला लागल्या. माझंच कथानक माझ्या घरी राहायला आलं होतं!

संक्रांतीनंतर आमच्याकडे हळदीकुंकू होतं. तिला बोलावलं. ती येईना, मी हाताला धरून आणली. बायका जमल्या की नाव घ्यायला लावणारच. "घे गो, लाजतेस काय, सगल्यांनी घेतलंन," सासूबाईंनी धरूनच ठेवलं. ती उभी राहिली आणि एका दमात उखाणा म्हणाली. त्यात एक विहीर होती, विहिरीवर वाकलेली चिंच होती, आणि शेवटी यमकात चपखल बसलेलं नवऱ्याचं नाव. बायका वा वा करायला लागल्या. मग एकीने विचारलं, "अगो, पण तुझ्या मालकाचं नाव तर दुसरं ना?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "घरी असंच म्हणत्यात," ती म्हणाली, आणि वाण न घेताच निघून गेली.

वाण पोचवायच्या निमित्ताने मी मागे गेले. खरं निमित्त माझी वही होती, हे आज कबूल करते. मी प्रेमाने विचारलं, पाठीवरून हात फिरवला, आणि ती बोलली. ती विधवा होती. सासरची मोठी जमीन तिच्या नावावर आली होती आणि दिरांना ती नको होती, जमीन नव्हे, ती. एकदा विहिरीत ढकलून झालं होतं. तिला वर काढलं ते याने. हा तिच्या वडिलांच्या मळ्यावरचा राखणदार. वडिलांनी मरताना तिचा हात धरून त्याला सांगितलं होतं, हिला सांभाळ, म्हणून तो तिच्या सासरच्या मळ्यावर कामाला आला होता. एकट्या बाईला आणि परक्या पुरुषाला खोली कोण देणार? म्हणून मंगळसूत्र आणि कुंकू. नाव घेताना खोटं नाव तोंडात यायला हवं होतं. आलं ते त्याचं खरं नाव. तो उखाणा तिने कधी जुळवला होता, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. मेलेल्या नवऱ्याचं नाव त्या यमकात कुठेच बसत नव्हतं.

"कुनाला सांगू नगा, वैनी. त्येंना ठावं लागलं तर माज्या आदी ह्येंचा जीव जाईल."

"नाय सांगणार," मी म्हणाले.

आणि मी कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. मी लिहिलं.

सगळं बदललं, बरं का. देशाचं कोकण केलं, जमिनीचा बंगला केला, राखणदाराच्या हातात पिस्तूल दिलं. पण हळदीकुंकवाचा प्रसंग मला सोडवेना आणि त्यात उखाणा हवा होता. मी आठ दिवस दुसरा उखाणा जुळवत बसले. एकही तसा उतरेना. मग तिचाच ठेवला. नाव बदलायला गेले तर यमक मोडायचं. म्हणून नावही ठेवलं. या नावाची माणसं काय कमी आहेत, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे वाचणारा वा म्हणेल, एवढाच माझा लोभ होता. त्या लोभाची मला आज शिसारी येते.

पुढच्या हिवाळ्यात, दुपारी, खर्डीच्या बाजूने एक जीप आली. दोन माणसं उतरली, पांढरे स्वच्छ कपडे, बोलायला अदबशीर. हातात माझी पाचवी कादंबरी. प्रकाशकाकडून पत्ता घेतला म्हणाले, लेखकाचा सत्कार करायचा आहे म्हणून. लेखक मीच हे कळल्यावर दोघं एकमेकांकडे बघून हसले. मी मूर्ख, चहा टाकला. मग थोरल्याने पान उघडून माझ्यासमोर धरलं.

"ह्यो उखाना कुठनं घेतला, बाई? आमच्या मळ्यातली हीर हाय ही. चिच बी आमचीच."

"मनचाच आहे," मी म्हणाले. भिंतीपलीकडे ती तांदूळ निवडत होती. सुपाचा आवाज थांबला.

धाकटा परसाकडे बघायला उठला, तेवढ्यात तो दारात आला. पाळी संपवून आला होता, काठी हातात. जीप त्याने बाहेर पाहिलीच असणार. पळायला अख्खं रान मागे होतं. तो आत आला, काठी भिंतीला टेकवली आणि त्यांना म्हणाला, "हितं नाही ती. नाशकाला ठेवलीय. चला, दावतो."

माझ्याकडे त्याने एकदाच पाहिलं. थोरल्याच्या हातातलं पुस्तक त्याला दिसलं होतं. त्याच्या नजरेत राग असता तर मला आयुष्यभर बरं वाटलं असतं. राग नव्हता. गप्प राहा, एवढंच ती नजर सांगत होती. मग तो जीपमध्ये मधे बसला आणि जीप गेली. चहा तसाच राहिला.

नवरा आल्यावर मी सगळं सांगितलं. तो पोलिसात जायला निघाला तर तिनेच अडवलं. ती रडली नाही, मला शिव्या दिल्या नाहीत. गाठोडं बांधून तिने दिवेलागणीची मुरबाडची एसटी धरली. जाताना फक्त म्हणाली, "त्येंची काठी ऱ्हाऊ द्या. आलं तर लागंल." आम्ही दुसऱ्या दिवशी चौकीत जाऊन आलो. स्वतःहून जीपमध्ये बसलेल्या माणसाची कोण कशाला तक्रार घेतो!

तो आला नाही. काठी तिथेच आहे. आणि पडवीच्या भिंतीवर, तो डोकं टेकायचा तिथे, तेलाचा डाग आहे. दर दिवाळीला आम्ही चुना देतो आणि थंडी सरायच्या आत तो डाग पुन्हा वर येतो. नवऱ्याने एकदा तेवढा गिलावा काढून नवा केला. तरी आला. नवरा म्हणतो ओल आहे. असेल. मी त्या भिंतीकडे पाठ करून बसत नाही, एवढं खरं. सहावी कादंबरी मी लिहिली नाही.

पुस्तक मात्र फिरत राहिलं आणि उखाणाही. शहापुरात दोन हळदीकुंकवांना तो माझ्या कानावर पडला. दोन्ही वेळा मी दचकून मागे पाहिलं, दोन्ही वेळा अनोळखी पोरी. विचारलं तर म्हणाल्या, पुस्तकातला आहे.

मग बरीच वर्षं गेली, मोबाइल आले, आणि मुरबाडला भाचीच्या सासरी हळदीकुंकवाला गेले. शेजारच्या नव्या सुनेने नाव घेतलं. विहीर, चिंच, आणि शेवटी तिच्या नवऱ्याचं नाव, यमक पार मोडून. मी सवयीने विचारलं, "पुस्तकातला का गो?"

"नाय, आमच्या बाजूच्या मावशींनी शिकवला. देशावरच्या हायेत."

"त्या नाय आल्या?" मी विचारलं.

"त्या कशा येतील? कुंकू नाय लावत. त्यांचे मालक कामावर गेले ते आलेच नाय म्हणे. पयली काय वर्षं लावायच्या. मग देशावरून कोणतरी आलं, कायतरी सांगून गेलं, तवा पुसलं. पण तांदूळ निवडताना रोज हाच उखाणा म्हणतात, तेच नाव घेऊन."

"कुठलं नाव?"

तिने सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहिलं, तेवढं पुरे झालं.

"बोलावू का मावशींना? दारातच बसल्या असतील," पोर म्हणाली. मी नको म्हणाले, एसटी चुकेल म्हणाले. बायका मला नाव घ्यायचा आग्रह करत होत्या. माझा नवरा घरी धडधाकट होता, आणि त्याचं नाव काही केल्या माझ्या तोंडातून निघेना.

बाहेर पडले तर रस्ता तिच्याच दारावरून होता. उंबऱ्यावर सूप दिसलं आणि सुपात हलणारे हात. माझ्या कपाळावर नुकतंच लावलेलं कुंकू होतं. ते तिला दिसू नये म्हणून मी पदर पुढे ओढला आणि त्या दारावरून निघून आले.